गाडी हळूच होती, मग धडक बसली कशी?

दुचाकीबद्दल काय विचारायचं ते विचारा असं गेल्या अंकात म्हटलं आणि पत्रांचा ढीग पडला. अर्धे प्रश्न घोडबंदर रोडचे, उरलेले ठाणे-बेलापूर रोडचे नाहीतर नवी मुंबईतल्या पाम बीच रोडचे, आणि चारदोन असे की त्यांचं उत्तर आमच्याकडे नाही, महापालिकेकडेच आहे. सगळे छापणं शक्य नाही, सारखेसारखे होते ते एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न: मी मानपाड्याहून महापेला रोज बाईकने जातो. काही दिवसांपूर्वी सरळ चाललो होतो, स्पीड 40 च्या आसपास, समोरून येणारी कार डिव्हायडरच्या कटमधून वळली ती थेट माझ्या पुढ्यात. ब्रेक दाबला तरी धडक बसलीच, खांद्याचं हाड मोडलं. कारवाला उतरून एकच म्हणत होता, "भाऊ, दिसलाच नाहीस." भरदिवसा, लाल बाईक, हेडलाइट चालू, आणि दिसलो नाही म्हणजे काय? ही लोकं खोटं बोलतात ना? — नोकरदार, मानपाडा

बहुतेक वेळा खोटं बोलत नाहीत, आणि खरी भीती तीच आहे. तुमच्यासारखा अपघात इतका जुना आणि इतका ठरलेला आहे की त्याच्यावर अमेरिकेत 1981 मध्येच मोठा रिपोर्ट आला होता. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांची टीम लॉस एंजेलिसच्या भागात मोटरसायकलचे 900 च्या वर अपघात बारकाईने तपासत होती, शिवाय पोलिसांचे 3,600 रिपोर्ट वाचले ते वेगळे. त्यात दिसलं असं की साधारण तीन चतुर्थांश अपघातांत बाईकला दुसरी गाडी धडकलेली असते, आणि त्यातल्या दोन तृतीयांश वेळा बाईकवाल्याच्या हक्काची वाट दुसऱ्याने अडवलेली असते. सगळ्यात जास्त वेळा घडणारा प्रकार म्हणजे बाईक सरळ येतेय आणि समोरून येणारी कार तिच्या आडवी वळतेय. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात म्हणून ती कार डावीकडे वळते, आपल्याकडे उजवीकडे, बाकी केस तुमचीच. स्पीडचं पण ऐका, त्या अपघातांत बाईकचा आधीचा वेग मधल्या आकड्याला ताशी 48 किलोमीटरच्या आसपास निघाला, म्हणजे कोणी रॉकेट उडवत नव्हतं. आणि संकट दिसल्यापासून धडक बसेपर्यंत बाईकवाल्याच्या हातात वेळ किती, तर नेहमीच्या अपघातात 2 सेकंदांपेक्षा कमी.

आता दिसत का नाही. वळणारा माणूस समोरच्या लेनमध्ये बघतो ते काय शोधत बघतो, तर कार आहे का, बस आहे का, डंपर आहे का. बाईक समोरून बघितली तर जेमतेम हातभर रुंदीची, ती त्याच्या काचेच्या कडेच्या खांबामागे सुद्धा अख्खी लपते. दिसली तरी तिचा वेग डोळ्याला पटकन लागत नाही कारण लहान वस्तू जवळ येताना मोठी होतेय हे उशिरा कळतं, त्याला वाटतं बाईक लांब आहे, निघेन मी, आणि तो काढतो गाडी. त्यात घोडबंदरला मेट्रोच्या कामाचे पत्रे लावलेत, त्या पत्र्याच्या टोकाला कट असेल तर त्याला तुम्ही आणि तुम्हाला तो, दोघंही शेवटच्या क्षणाला दिसता.

40 च्या स्पीडला बाईक सेकंदाला 11 मीटर जाते. मेंदूने ओळखून हाताने ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, 11 मीटर तिथेच गेले, मग थांबायला आणखी साधारण 10. म्हणजे दोन सेकंदांत गाडी पूर्ण थांबलेली नसतेच. म्हणून कट दिसला, यू-टर्न दिसला, समोर इंडिकेटर दिला न दिला तरी कोणी नाक पुढे काढलेलं दिसलं की थ्रॉटल सोडायचं आणि दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर आधीच ठेवायची. एवढ्याने अर्धा सेकंद वाचतो आणि अर्धा सेकंद म्हणजे इथे 5 मीटर. कारवाल्याच्या तोंडाकडे बघू नका, तो तुमच्या आरपार बघत असू शकतो, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, चाक फिरायला लागलं की कार हलायच्या आधी कळतं. आणि ठाण्याच्या टीएमटी बसला चिकटून तिच्या आडून कट पार करू नका. बस गेली रे गेली की वळणारा लगेच घुसतो, मागे तुम्ही आहात हे त्याला स्वप्नात पण नसतं.

हेडलाइटचं विचारलंत म्हणून, 1 एप्रिल 2017 पासून नवीन दुचाकीचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, तो याचसाठी. जुन्या गाडीवाल्यांनी दिवसा पण चालू ठेवावा. "दादा, लाइट चालूय" असं प्रत्येक सिग्नलला कोणीतरी सांगणार, थँक्यू म्हणायचं आणि चालूच ठेवायचा.

प्रश्न: आमच्या घरी वाद आहे. मी म्हणतो पुढचा ब्रेक मारायचा नाही, गाडी पलटी होते, चाळीस वर्षं मी मागच्यावरच चालवली. मुलगा म्हणतो दोन्ही मारायचे. कोण बरोबर? — निवृत्त गृहस्थ, वर्तकनगर

काका, मुलगा बरोबर आहे, रागावू नका. ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं आणि मागचं हलकं होतं, जोरात दाबलंत तर मागचं जवळजवळ अधांतरी. हलक्या चाकाला पकड नाही, त्यामुळे नुसता मागचा दाबला की चाक लॉक होऊन मागचा भाग घसरत बाजूला येतो आणि गाडी थांबत तर नाहीच. थांबायची ताकद दोन तृतीयांशाच्या वर पुढच्या चाकात असते. वर ज्या हर्टच्या रिपोर्टबद्दल लिहिलं त्यात पण हेच निघालं की ऐनवेळी लोक मागचा ब्रेक गच्च दाबून घसरले आणि पुढचा त्यांनी नीट वापरलाच नाही. त्यातल्या 92 टक्के लोकांना गाडी शिकवली कोणी, तर स्वतः नाहीतर घरच्यांनी-मित्रांनी. आपल्याकडे वेगळं काय आहे म्हणा, आपल्या सगळ्यांना पण मामाने नाहीतर शेजारच्या दादाने मैदानात सोडून दिलेलं असतं.

तुमची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. पुढचा ब्रेक झटक्यात गच्च आवळला, हँडल वळलेलं असलं, किंवा खाली वाळू-खडी असली तर पुढचं चाक निसटतं आणि मग माणूस सावरूच शकत नाही. म्हणून आधी हलका दाबायचा, वजन पुढे आलं की मग जोर वाढवायचा, हँडल सरळ, मागचा सोबतीला. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना सीबीएस आहे, एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि सीबीएस म्हणजे एक लिव्हर दाबली की दोन्ही चाकांना थोडाथोडा ब्रेक जातो. तुमची गाडी त्याआधीची असेल तर यातलं काही नसेल, हाताचाच अंदाज. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं बापलेक जा, 30 च्या स्पीडवरून थांबून बघा, आधी नुसता मागचा आणि मग दोन्ही. वाद तिथेच मिटेल.

प्रश्न: मी नेरुळला राहतो, थर्ड इयरला आहे. माझ्या बाईकला ड्युअल चॅनल एबीएस आहे, टायर नवीन, रात्री पाम बीच पूर्ण मोकळा असतो. 80-90 ने गेलं तर प्रॉब्लेम काय आहे? पप्पा उगाच टेन्शन घेतात. — विद्यार्थी, नेरुळ

एबीएस तुझं चाक लॉक होऊ देत नाही, तुझा वेग जादूने कमी करत नाही. हिशोब करून बघ, तू थर्ड इयरला आहेस. कोरडा चांगला रस्ता, चांगला ब्रेक, रिॲक्शनला एक सेकंद. 50 ने जाणारा साधारण 30 मीटरमध्ये पूर्ण थांबतो, 80 ने जाणाऱ्याला 64 च्या आसपास लागतात. आता दोघं शेजारी-शेजारी चाललेत आणि 30 मीटरवर कुत्रं आडवं आलं. 50 वाला कुत्र्याच्या पुढ्यात उभा राहतो. 80 वाल्याचे 22 मीटर नुसता ब्रेकला हात जाईपर्यंत संपलेत, उरलेल्या 8 मीटरात तो कितीवर येतो, तर जवळपास 72 वर. त्या जागेवर एक थांबलाय आणि दुसरा 72 ने आदळतोय. पप्पांना फॉर्म्युला माहीत नसेल पण टेन्शन बरोबर घेतायत.

आणि मोकळा म्हणजे किती मोकळा. सिग्नल आहेत, रात्री तेच सिग्नल तोडणारे आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे राँग साइडने लाइट बंद ठेवून येणारा स्कूटरवाला, ज्याला पुढच्या कटपर्यंत जायचा कंटाळा. तू 80 आणि तो 40, दोघं मिळून 120 ने एकमेकांकडे येताय. देशभरात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली साधारण 75 हजार दुचाकीवरची, आणि सरकारी रिपोर्टमध्ये 70 टक्क्यांच्या वर मृत्यूंचं कारण जास्त स्पीड असं नोंदलंय. पोलिसांच्या फॉर्ममध्ये 'जास्त स्पीड' हा सोपा रकाना आहे, खराब रस्ता, खराब डिझाईन सगळं त्याच्याखाली झाकलं जातं असं मला वाटतं, तो आकडा जसाच्या तसा धरू नये. पण वरच्या 72 चा रकान्याशी काही संबंध नाही, तो शाळेतल्या फिजिक्सचा आहे.

प्रश्न: कळंबोली ते तुर्भे रोज स्कूटरने. कंटेनरच्या ट्रेलरची फार भीती वाटते. त्यांच्या कुठल्या बाजूने जावं? — एक वाचक, कळंबोली

भीती वाटते ते बरंय, वाटत राहू दे. जेएनपीटी बंदराची बरीच वाहतूक त्या पट्ट्यातून जाते, त्यामुळे ट्रेलर टळणार नाहीत, त्यांचं वळणं तेवढं समजून घ्या.

चाळीस फुटी कंटेनर घेतलेला ट्रेलर नाक्यावर डावीकडे वळणार असेल तर ड्रायव्हर आधी तोंड उजवीकडे ओढतो. त्याला तसंच करावं लागतं, नाहीतर मागची चाकं फुटपाथवर चढतील. तो उजवीकडे सरकला की डावीकडे मस्त मोकळी जागा दिसते, दुचाकीवाल्याला वाटतं साइड दिली, तो आत शिरतो. मग तोंड डावीकडे फिरतं. आणि ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती कोपरा कापत आतून येतात, वळण जितकं आवळ तितकी जास्त आत. जी जागा दोन सेकंदांपूर्वी सात-आठ फूट होती ती फुटपाथला चिकटते, आणि तिथे तुम्ही असता. ड्रायव्हरला काहीच दिसत नाही कारण केबिन वळल्यावर डाव्या आरशात त्याला फक्त स्वतःचाच कंटेनर दिसतो. हॉर्न वाजवून उपयोग नाही, इंजिनच्या आवाजात स्कूटरची पीपी कोण ऐकणार.

तेव्हा नाक्याजवळ ट्रेलर असेल तर त्याच्या डावीकडे जायचंच नाही, इंडिकेटर असो वा नसो, क्लीनर हात दाखवो वा न दाखवो. मागे थांबा. मागे म्हणजे बंपरला नाक लावून नाही, त्याचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील इतकं मागे, तुम्हाला आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. सिग्नलला त्याच्या अगदी तोंडापुढे जाऊन उभं राहणं पण तितकंच वाईट, उंच केबिनमधून खाली पुढची काही फुटं दिसतच नाहीत. ओव्हरटेक करायचा तर सरळ रस्त्यावर, उजवीकडून, एका दमात. अर्ध्यावर त्याच्या शेजारी रेंगाळत मोबाईलवर गाणं बदलणारे महाभाग शिळफाट्याला रोज दिसतात.

प्रश्न: मिस्टर हेल्मेट घालतात, मी मागे बसते. केसांचा आंबाडा असतो, घाम येतो, आणि ऐरोली नाक्यापर्यंत तर जायचं असतं. मागे बसणाऱ्याला खरंच कंपल्सरी आहे का, की नुसतं चलान फाडायला? — गृहिणी, ऐरोली

ताई, आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा दोघंही आलेत, 4 वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे, आंबाड्याला नाही. दंड 1,000 रुपये आणि तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं.

चलान बाजूला ठेवा. मघाशी 2022 चा रिपोर्ट सांगितला, त्यात हेल्मेट नव्हतं अशी सुमारे 50 हजार माणसं गेल्याची नोंद आहे आणि त्यातली 14 हजारांच्या वर मागे बसलेली होती. मागे बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, धरायला हँडल नाही, ब्रेक लागणार हे आधी कळत नाही, त्यामुळे खड्ड्यात गाडी उडाली की आधी मागचाच फेकला जातो. त्यात एका बाजूला पाय सोडून बसलेलं असलं की अजूनच. आणि नाक्यापर्यंतच जायचंय हे तर सगळेच म्हणतात, पण डोकं आपटायला स्पीड लागत नाही, उभ्या माणसाच्या उंचीवरून डांबरावर नुसतं पडलं तरी कवटी फुटू शकते. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला नामांकित कोक्रेन आढावा सांगतो की हेल्मेटने मरण्याचा धोका साधारण 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा 69 टक्क्यांनी कमी होतो.

आंबाडा खाली मानेवर घ्या किंवा सरळ वेणी घाला, वर आंबाडा ठेवून हेल्मेट बसवलं तर ते डोक्यावर न बसता आंबाड्यावर बसतं आणि पहिल्या झटक्याला निघतं. घामासाठी आत पातळ सुती रुमाल बांधा, तो धुता येतो. घेताना आयएसआय मार्क बघा, त्यावर आयएस 4151 असं लिहिलेलं असतं, जून 2021 पासून त्याशिवायची हेल्मेट विकणंच बेकायदा आहे. तरी फुटपाथवर स्टिकर चिकटवून विकतातच. आत बोट घालून बघा, चांगल्या हेल्मेटमध्ये जाड घट्ट थर्माकोल असतो, धडकेत तो स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा झटका खातो. नुसता स्पंज आणि प्लास्टिकची टोपी असेल तर ते उन्हासाठी ठीक. घालून बक्कल लावा आणि मान खाली करून मागून वर ढकलायला मिस्टरांना सांगा, निघालं तर एक साइझ लहान घ्या. बक्कल न लावता घातलेलं हेल्मेट माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं.

साडी नेसता तर साडी गार्ड काढलेलं नाही ना ते पण बघा. मागच्या चाकाचं ते झाकण, मागच्याला धरायला दांडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट, तिन्ही नियमाने लागतातच, स्टाईलसाठी काढून ठेवतात लोक. ओढणी आणि पदर खोचून घ्यायचा, चाकात गेला की तो गळ्याला ओढतो.

प्रश्न: मुलगी साडेतीन वर्षांची आहे, प्लेग्रुपला सोडायला स्कूटरवर पुढे उभी करते. सगळेच करतात. चुकीचं आहे का? — एक आई, घणसोली

हो. पुढे उभं मूल म्हणजे ब्रेक लागला की त्याचं तोंड थेट हँडल-स्पीडोमीटरवर, आणि तुमच्या शरीराचा भार मागून वर. 15 फेब्रुवारी 2023 पासून नियमच आहे: 9 महिने ते 4 वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे सेफ्टी हार्नेस, डोक्यात त्याच्या मापाचं हेल्मेट (या वयाला सायकलचं चालतं), आणि स्पीड 40 च्या वर नाही. हार्नेस ऑनलाइन मिळतात, पट्टे खांद्यावरून आणि कमरेवरून दोन्हीकडून येणारे घ्या. पुढच्या वर्षी ती चारची झाली की तिला पण मोठ्यांसारखंच पूर्ण हेल्मेट.

प्रश्न: मुलगा सोळाचा आहे, क्लासला जायला स्कूटर मागतो. सोळाला लायसन्स मिळतं असं ऐकलं. — पालक, खारघर

मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. दुकानात दिसतात त्या स्कूटर 110-125 च्या, त्या अठराच्या आधी नाही. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम 199ए खाली पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस होईपर्यंत लायसन्स नाही. खारघरला एनएमएमटीची बस आहे, सायकल आहे.

प्रश्न: डिलिव्हरीचं काम करतो. फोन हँडलला होल्डरमध्ये लावून मॅप बघतो. पोलीस अडवतात. चालतं की नाही? — डिलिव्हरी बॉय, कोपरखैरणे

रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला 2020 पासून नियमात परवानगी आहे, अट एवढीच की गाडी चालवण्यावरचं लक्ष उडता कामा नये. हातात धरून बोललात की मात्र तो धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरला जातो. नियमाचं झालं, आता तुमचं बघा. 50 च्या स्पीडला दोन सेकंद खाली बघितलंत तर 28 मीटर आंधळे गेलात, आणि ऑर्डर ॲक्सेप्ट करायला दोन सेकंद पुरत नाहीत. वळण कानात ऐका, एकाच कानात, दुसरा मोकळा. ऑर्डरची बेल वाजली तर गाडी कडेला. तेवढ्यात ऑर्डर दुसऱ्याला जाते हे मला माहीत आहे, आणि ते ॲप तसं बनवणाऱ्यांना पण माहीत आहे. दोष सगळा पोरांवर टाकायचा हे काही पटत नाही.

प्रश्न: पहिल्या पावसात घोडबंदरला गाडी स्लिप झाली, खड्डा नव्हता काही नव्हतं. आणि खड्ड्यात पडलो तर भरपाई मागता येते का? — दोन वाचकांची पत्रं, कासारवडवली आणि वाघबीळ

पहिल्या सरीत रस्त्यावर महिनोन्‌महिने साठलेलं ऑइल, टायरचं रबर आणि धूळ मिळून चिखलासारखा थर होतो, जोराचा पाऊस तासभर पडला की तो धुऊन जातो, तोपर्यंत रस्ता सगळ्यात निसरडा. त्यात झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा, मॅनहोलचं झाकण, कामाच्या ठिकाणी टाकलेल्या लोखंडी प्लेटा आणि पुलाचे जॉइंट, ओल्यात या सगळ्यावर पकड नावालाच. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवा, ब्रेक नाही, थ्रॉटल नाही, वळण नाही. टायर बघा, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा, गोटा झालेल्या टायरवर पावसाळा काढायचा नाही. साइडवर चार आकडे छापलेले असतात, 2322 म्हणजे 2022 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना हे बघितलं तर विकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

गायमुखच्या घाटात पाण्याने भरलेला खड्डा आणि साधं डबकं यात फरक कळत नाही, तिथे पुढची कार जिथे चाक टाकते त्याच पट्ट्यातून जा, तिला चिकटून नाही. खड्डा चुकत नसेल तर त्याच्या आधी ब्रेक मारून घ्या आणि खड्ड्यात शिरताना सोडून द्या, ब्रेक दाबलेला असताना पुढचं शॉकअप आधीच बसलेलं असतं, ते झटका कुठून खाणार. स्कूटरची चाकं लहान असतात, बाईकला जो खड्डा नुसता खडखडतो त्यात स्कूटरचं अर्धं चाक जातं, हे डोक्यात ठेवा.

भरपाईचं: मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर 2025 मध्ये आदेश दिलाय, खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमीला इजेप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांची समिती असते. पडल्या-पडल्या खड्ड्याचा फोटो काढून ठेवा, आजूबाजूची ओळखीची खूण त्यात यायला हवी, कारण दुसऱ्या दिवशी तिथे खडी टाकलेली असते. हॉस्पिटलचे कागद आणि पोलिसांकडची नोंद, दोन्ही लागणार.

प्रश्न: रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं की थांबावंसं वाटतं पण पोलिसांचं लफडं नको वाटतं. नेमकं काय करायचं? — एक वाचक, कळवा

लफडं आता कायद्याने नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये आणि मग 2019 च्या दुरुस्तीत कलम 134ए ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. जखमीच्या पैशांची पण काळजी पहिल्या तासात करत बसू नका, मे 2025 पासून अपघातग्रस्ताला ठरावीक हॉस्पिटलमध्ये 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस आहेत.

थांबलात तर आधी स्वतःची गाडी कडेला, पार्किंग लाइट चालू, आणि एकाला मागे पाठवून येणाऱ्या गाड्या हळू करायला सांगा, कारण मदतीला वाकलेल्या लोकांना मागून उडवल्याचे प्रकार हायवेला होतात. जखमीला उचलून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. आपल्याकडे गर्दी जमली की पहिली बाटली तोंडालाच लागते, बेशुद्ध माणसाच्या ते श्वासनलिकेत जातं. हेल्मेट खेचून काढू नका, मानेचा मणका मोडलेला असू शकतो, फक्त काच वर करा आणि बक्कल आवळत असेल तर पट्टा सैल करा. श्वासच चालत नसेल किंवा उलटी होत असेल तर काढावंच लागतं, तेव्हा दोघांनी काढायचं, एकाने खालून मान आणि जबडा घट्ट धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने हळूहळू हेल्मेट सरळ रेषेत ओढायचं. रक्त भसाभसा येत असेल तिथे स्वच्छ कपडा दाबून धरायचा, उचलून-उचलून बघायचं नाही.

फोन 108 ला, तो नाही लागला तर 112. जागा सांगताना "घोडबंदर रोडला" एवढंच सांगाल तर ॲम्ब्युलन्स फिरत बसेल. कुठला नाका, जवळचा पंप किंवा सोसायटी कुठली, पुलावर की पुलाखाली, आणि बोरिवलीकडे जाणारी बाजू की ठाण्याकडे येणारी, हे आधी सांगा. चुकीच्या बाजूला आली तर तिला पुढच्या यू-टर्नवरून परत यावं लागतं आणि संध्याकाळी सातला त्याचा अर्थ काय ते तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न: पडलो तेव्हा हेल्मेट आपटलं, वरून एक चरा सोडला तर काही झालेलं नाही. वापरू का? नाहीतर भावाला देऊ का? — एक वाचक, दिवा

नाही आणि नाही. आतला थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, बाहेरून ते कळत नाही, दुसऱ्या वेळी ते काही झेलणार नाही. नवीन घ्या. जुनं टाकताना त्याचा पट्टा कात्रीने कापून टाका, नाहीतर धुऊन-पुसून ते पुढच्या आठवड्यात कुठल्यातरी स्टेशनबाहेर दोनशे रुपयांना विकायला बसलेलं असेल.